आकाशातील प्रलंबित प्रकरणे

परप्रांती बदली झालेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिली अडचण पडते ती भाषेची नव्हे, गावाच्या नावाची. दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही नावे घरी कळविली म्हणजे नातलगांस निदान दिशेचा तरी बोध होतो. गुम्मिडिपूंडी म्हटल्यावर तोही होत नाही. आमच्या थोरल्या भगिनीने हे नाव तीनदा विचारून घेतले आणि चौथ्या खेपेस 'ते तुमचे पूंडी' असे म्हणून तो प्रश्न कायमचा निकालात काढला. तेव्हा प्रथम ठावठिकाणा सांगतो. चेन्नईच्या उत्तरेस पंचेचाळीस-एक किलोमीटरवर, तिरुवळ्ळूर जिल्ह्याच्या टोकाशी हे गाव आहे. लोकल गाडी येथवर येते. पुढे थोडक्याच अंतरावर तामिळनाडू संपतो व आंध्र लागतो. गावालगत सिपकॉटची औद्योगिक वसाहत असून तीत भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या भट्ट्या आणि त्या पोलादाच्या सळया काढणारे कारखाने पुष्कळ आहेत. आमची नोकरी भारतीय मानक ब्यूरोतील. सळईवर उमटलेली मानकाची खूण त्या सळईस शोभते की नाही, हे पाहणे आमचे काम. त्यापायी आम्ही बिऱ्हाड येथेच केले आहे.

या गावास दोन शेजार लाभले आहेत. एक पायाखाली, तो भंगाराचा. दुसरा डोक्यावर, तो अग्निबाणांचा. येथून उत्तरेस हवाई अंतराने पस्तीस-चाळीस किलोमीटरवर श्रीहरिकोटा आहे. उड्डाणाच्या दिवशी गच्चीवर गेले की क्षितिजावर आधी नुसता उजेड उगवतो. मग एक तेजस्वी ठिणगी अगदी निःशब्दपणे वर चढू लागते. आम्ही मनाशी आकडे मोजू लागतो. वारा अनुकूल असला तर शंभरावर काही आकडे झाले की दूरवरच्या मेघगर्जनेसारखा घुमघुमता आवाज येऊन पोहोचतो. तोवर ठिणगी कोठल्या कोठे गेलेली असते. संधिकाळचे उड्डाण असले तर आणखी एक कौतुक दिसते. जमिनीवर काळोख पडलेला असतो, पण वरच्या वरच्या थरांत सूर्यप्रकाश असतो. त्यात अग्निबाणाचा धूर मोराच्या पिसाऱ्यासारखा उलगडून चमकू लागतो. ज्याने उड्डाणाची वार्ता ऐकलेली नाही, अशा माणसाने ते दृश्य पाहून 'आवाज न करणारी, रंग पालटणारी, प्रचंड आकाराची वस्तू' अशी नोंद केली, तर त्या नोंदीतील एकही शब्द खोटा असणार नाही. खोटे असेल ते केवळ त्याने त्यापुढे काढलेले अनुमान.

असे प्रसंग आपल्या मुलखातही घडले आहेत. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशातील लोकांनी आकाशातून जळते गोळे ओळीने जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. आसपासच्या भागात तंतूंनी गुंडाळलेले पोकळ गोळेही सापडले. काही तास तरी ती वस्तू खरोखरच अनोळखी होती. मग आकाशातील कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी वेळ व मार्ग जुळवून पाहिला. चीनच्या लाँग मार्च जातीच्या, २०२१ च्या फेब्रुवारीत सुटलेल्या एका अग्निबाणाचा तो उरलेला टप्पा असावा, असा मेळ बसला. पुढल्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसाहून उंच असे एक पिंप वाहत आले आणि साऱ्या जगात चर्चा झाली. ते निघाले आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच! शेजाऱ्याचे भांडे परक्याच्या अंगणात सापडावे, तसा तो प्रकार झाला.

हे सर्व लिहिण्यास निमित्त झाले ते चेन्नईतील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे. मुलांसाठी एक छोटे प्रदर्शन मांडावयाचे ठरले. विषय होता 'आकाश आणि मराठी माणूस'. फलकांवरील मजकूर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. श्रीहरिकोट्याच्या जवळ राहतो, एवढीच काय ती आमची पात्रता. मंडळातील एक वडीलधारे स्नेही, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले, आमच्याकडे मुद्दाम आले व म्हणाले, "अहो, पहिला फलक तळपद्यांचा हवा. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे आपला माणूस चौपाटीवर विमान उडवून गेला, हे इथल्या मुलांना कोण सांगणार?"

शिवकर बापूजी तळपदे यांची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मुंबईच्या या संस्कृतज्ञ गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यरहित विमान पंधराशे फूट उंच उडविले, ते पाहण्यास सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे उपस्थित होते, आणि त्या विमानाची शक्ती पाऱ्याची होती, असे सांगितले जाते. आमच्या स्नेह्यांनी त्यास आजची जोड दिली. "अमेरिकेच्या नौदलाला ज्या वस्तू दिसतात," ते म्हणाले, "त्यांना पंख नाहीत, धूर नाही, आवाज नाही. मग त्या कशावर चालतात? आपल्या ग्रंथांतल्या पाऱ्यावर आणि राजलोहावरच ना!" त्यांचा स्वर वादाचा नव्हता, श्रद्धेचा होता. ही कथा त्यांस त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. तीस-पस्तीस वर्षे परमुलखांत काढताना, कचेरीत कोणी 'तुम्हा लोकांनी काय केले?' असे थट्टेने विचारले म्हणजे ते ती कथा सांगत आले होते. अशा माणसास उत्तर देताना केवळ बरोबर असून भागत नाही.

तथापि हिशेब हा करावाच लागतो, आणि पाऱ्याचा हिशेब तर मोठा मनोरंजक आहे. पाऱ्याच्या बळावर यान ढकलण्याची कल्पना मुळीच हास्यास्पद नाही. पाऱ्याच्या वाफेतील अणूंस विद्युत्भार द्यावा, ते विजेच्या ओढीने प्रचंड वेगाने मागे फेकावेत आणि प्रतिक्रियेने यान पुढे जावे, अशी यंत्रे अमेरिकेने खरोखरच केली. १९६४ च्या जुलैत त्यांतील एक अवकाशात अर्धा तास चालले व १९७० साली त्याहून सुधारलेले यंत्र वर गेले. आता त्या कामी पाऱ्याऐवजी झेनॉन वायू वापरतात. श्रीहरिकोट्याहून ५ मे २०१७ रोजी गेलेल्या जीसॅट-९ उपग्रहावर अशाच जातीची विद्युत् प्रणोदन यंत्रणा होती. पण त्या १९७० च्या यंत्राचा रेटा किती होता? अठ्ठावीस सहस्रांश न्यूटन, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम वजनाइतका. निर्वात पोकळीत, जेथे अडविणारे काही नाही, तेथे तीन ग्रॅमही महिनोन्महिने रेटत राहिले तर कामास येतात. चौपाटीच्या हवेत मात्र दहा किलोची प्रतिकृती नुसती अधांतरी धरण्यास अशी साडेतीन हजार यंत्रे लागतील आणि प्रत्येकास सुमारे एक किलोवॅट वीज लागेल. १८९५ च्या मुंबईत घरोघरी दिव्यापुरतीही वीज आली नव्हती.

राहिला प्रश्न ग्रंथाचा. 'वैमानिक शास्त्र' या नावाने जे पुस्तक प्रसिद्ध आहे, ते बंगलोरजवळच्या आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सांगितले व दुसऱ्यांनी उतरून घेतले. त्यातील विमानांची चित्रेही त्याच काळात बंगलोरात काढली गेली. इंग्रजी भाषांतरासह ते १९७३ साली म्हैसुरास छापले गेले. पुढच्याच वर्षी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू व गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी त्याची टर न उडविता, संस्कृतच्या घडणीपासून हवेच्या दाबापर्यंत सर्व अंगांनी परीक्षा केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेल्यांपैकी एकही विमान उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. (पाचांत देशपांडे आहेत म्हणून वाचकांनी लगेच त्यांस आपल्यात ओढू नये. ते आडनाव कर्नाटकातही घरोघर आहे.) त्याच लेखात सुब्बराय शास्त्र्यांच्या चरित्राच्या आधाराने आणखी एक नोंद आहे. शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी विमानाच्या प्रतिकृती करून पाहिल्या, परंतु त्यांतील एकही उडाली नाही. चौपाटीच्या उड्डाणाविषयी वृत्तपत्राचे नाव सांगितले जाते, पण त्या काळचा अंक, तारीख आणि मजकूर कोणी पुढे ठेवलेला नाही.

मग अमेरिकी नौदलास दिसलेल्या वस्तूंचे काय? तेथेही हिशेबच कामास येतो. २००४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे वैमानिकांनी एक पांढरी, पंखहीन, औषधाच्या गोळीसारखी लांबट वस्तू पाहिली. ती अठ्ठावीस हजार फुटांवरून समुद्रालगत एका सेकंदाच्याही आत उतरल्याचे रडारवर दिसले, असे पुढे सांगण्यात आले. एक सेकंद पुरा धरला तरी साडेआठ किलोमीटर उतरून थांबण्यास गुरुत्वाच्या तीन हजार पटींहून अधिक त्वरण लागते. लढाऊ विमानाचा कसलेला वैमानिक नऊ पटींच्या आसपास टेकीस येतो. शिवाय हवेतून त्या वेगाने गेलेली वस्तू कानठळ्या बसविणारा धमाका करील व तापून उजळेल. धमाकाही ऐकू आला नाही, तेजही दिसले नाही. अर्थात मापन चुकले असेल, किंवा भौतिकशास्त्रास आजवर न सापडलेले काही तरी तेथे असेल.

ज्यांस दुसरा पर्याय रुचतो ते १९९४ सालच्या एका निबंधाकडे बोट दाखवितात. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखविले की, यानाच्या पुढचे अवकाश आकुंचित व मागचे प्रसृत करता आले, तर आतील प्रवाशास धक्का न बसता यान कितीही वेगाने जाऊ शकेल. गणित बिनचूक आहे. मात्र त्याची किंमत ऋण ऊर्जेत मोजावी लागते. अशी ऊर्जा दोन धातुपट्ट्यांमधील अतिसूक्ष्म फटीत अल्पांशाने मिळते, पण यानास लागणारी राशी पुढील अभ्यासकांनी काढली तेव्हा ती साऱ्या दृश्य विश्वातील द्रव्यापेक्षाही अधिक निघाली. ऋण ऊर्जा हा शब्द मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही. कोल्हापुरास जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६० च्या दशकात फ्रेड हॉइल यांच्यासह जो विश्वविषयक सिद्धांत मांडला, त्यात ऋण ऊर्जेचे क्षेत्र होतेच. बहुसंख्य खगोलज्ञांनी तो स्वीकारला नाही. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी आपली बाजू सोडलीही नाही. पण काय दिसले असता आपला सिद्धांत खोटा ठरेल, हे ते आधी सांगत. आमच्या मते विज्ञान आणि दंतकथा यांच्यामधील कुंपण नेमके येथे आहे. कल्पना किती धीट आहे, यावर ते ठरत नाही.

यानांच्या अद्भुत धातूंविषयी आम्हांस अधिक जवळून बोलता येईल, कारण धातूंची उलटतपासणी हाच आमचा रोजचा उद्योग. आमच्या पाहणीतील एका कारखान्यात एक तरुण रसायनज्ञ मुलगी काम करते. जगभरचे भंगार तिच्यापुढे येते. कापलेले जहाज, मोडलेले यंत्र, कोणाची तरी जुनी मोटार. ती नमुन्याचा पृष्ठभाग घासून घेते, यंत्रात धरते, एक ठिणगी उडते आणि मिनिटभरात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस आपापले आकडे सांगून मोकळे होतात. एकदा आम्ही तिला गमतीने विचारले, "परग्रहावरचा तुकडा आला तर ओळखशील का?" ती म्हणाली, "सार, मूलद्रव्ये तीच निघतील. परग्रहावरसुद्धा लोखंड लोखंडच असणार. त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहावे लागेल, आणि ते यंत्र आमच्याकडे नाही."

तिचे उत्तर लाखमोलाचे होते. अमेरिकेत मॅग्नेशियम व बिस्मथ यांच्या थरांचा एक तुकडा अनेक वर्षे गाजत होता. तो १९४७ साली कोसळलेल्या तबकडीचा असून गुरुत्वावर मात करतो, असा बोलबाला होता. त्याची परीक्षा ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने केली व २०२४ साली निष्कर्ष जाहीर झाला. पृथ्वीवरील मॅग्नेशियमचे तीन स्थिर समस्थानिक सुमारे एकोणऐंशी, दहा व अकरा टक्के अशा प्रमाणात असतात. तुकड्यातील मॅग्नेशियम या पार्थिव मेळातच बसले. शिशाचीही तीच गत. तुकडा इथल्याच मातीचा, विसाव्या शतकातील मिश्रधातूंच्या प्रयोगांपैकी कोठला तरी.

याचा अर्थ सारीच प्रकरणे निकालात निघाली, असा नव्हे. अमेरिकी सरकारच्या २०२१ सालच्या अहवालात १४४ नोंदी होत्या व त्यांपैकी निश्चित उलगडा एकीचाच झाला. तो निघाला हवा जाणारा मोठा फुगा. उरलेल्यांविषयी पुरेशी माहिती नाही, असे अहवालाने स्वच्छ लिहिले. आपल्याकडे २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांनी तेजस्वी वस्तूंच्या शेकडो नोंदी केल्या. बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने पाहून सांगितले की, ते गुरू व शुक्र आहेत. त्या जवानांस हसणाऱ्यास सीमेवरील रात्रीचा पहारा ठाऊक नाही, असेच आम्ही म्हणू. त्यांनी दिसले ते लिहिले व वर पाठविले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस 'प्रलंबित' या शेऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको. लोक त्यास आळसाची खूण समजतात. वास्तविक, कागद पुरे नसताना प्रकरण खोट्या शेऱ्याने बंद न करणे, यासारखा प्रामाणिकपणा नाही. 'अनोळखी' हा शब्द म्हणजे असाच एक शेरा आहे. त्यातून परग्रहवासी निघत नाहीत आणि पाऱ्याचे विमानही निघत नाही.

हे सारे आम्ही स्नेह्यांस सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे फलकावर आपला माणूस कोणीच नाही?"

या प्रश्नातील व्यथा आम्हांस समजत होती, म्हणूनच त्याचे उत्तर आम्ही आधी शोधून ठेवले होते. श्रीहरिकोट्याहून जेव्हा पीएसएलव्ही उठते, तेव्हा तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते. ते रबरासारख्या बंधकात अॅल्युमिनियमची पूड व प्राणवायू पुरविणारे क्षार मिसळून केलेले असते. त्याचा रेटा पावणेपाचशे टन वजनाहून अधिक होतो. भारतात या घन इंधनाच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. वसंत गोवारीकर. साराभाईंनी बोलाविल्यावरून ते इंग्लंड सोडून १९६७ साली थुंब्यास आले व पुढे तेथील विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झाले. पावसाच्या अंदाजामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर गेले, पण आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या ठिणगीत त्यांचे आयुष्य आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

२ जानेवारी २०१५ रोजी डॉ. गोवारीकर पुण्यास वारले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन सुरू झाले, आणि चौथ्या तारखेस तेथे प्राचीन विमानविद्येवरील एक निबंध वाचला गेला. त्या आठवड्यात देशभर चर्चा झाली ती त्या निबंधातील विमानांची. ज्याने खरोखर काही उडविले, त्याच्या जाण्याची वार्ता मागे पडली. आम्हांस या गोष्टीचा राग नाही, विषाद आहे. खोट्या अभिमानाने सत्याचे काही बिघडत नाही. ते आपल्या जागी असते. बिघडते ते खऱ्या माणसाचे, कारण त्याच्या वाट्याचा मान दुसरीकडे खर्च होऊन जातो.

स्नेह्यांनी गोवारीकरांचा फलक पहिला ठेवण्यास संमती दिली. परंतु तळपद्यांस अजिबात गाळावे, हे त्यांस रुचेना. खरे सांगावयाचे तर आम्हांसही रुचत नव्हते. ज्या काळी उडण्याची कल्पनाच वेडेपणाची होती, त्या काळी तिचा ध्यास घेऊन प्रतिकृती करणारा माणूस, त्या उडाल्या नाहीत म्हणून, लहान ठरत नाही. आम्ही दुसऱ्या फलकासाठी लिहिले : 'शिवकर बापूजी तळपदे, विमानाचा ध्यास घेतलेले मुंबईचे अभ्यासक. १८९५ साली त्यांनी विमान उडविले असे सांगतात. त्यास समकालीन पुरावा मिळालेला नाही.'

स्नेह्यांनी चष्मा लावून तो मजकूर दोनदा वाचला. लेखापरीक्षकाची जुनी सवय, खिशातील पेन हाती आले. "शेवटच्या वाक्यात एक शब्द घालू का?" त्यांनी विचारले. "व्हाउचर सापडेपर्यंत आम्ही आक्षेप कायम ठेवत असू. पण तोवर समोरच्याला चोर म्हणत नसू."

आम्ही कागद त्यांच्यापुढे सरकविला. 'समकालीन पुरावा' आणि 'मिळालेला' यांच्या मध्ये त्यांनी बारीक, नेटक्या अक्षरांत लिहिले, 'अद्याप'. तो शब्द घातल्याने वाक्यातील सत्य तसूभरही कमी झाले नाही. फलक तसाच रंगाऱ्याकडे गेला.